प्रेसमधलं की नंतरचं?

निर्दोषपणाला कुणी विचारत नाही, अशी सज्जन माणसांची नेहमीची तक्रार असते. त्यांनी एकदा पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याच्या घरी जाऊन यावं, म्हणजे आपलं बरं चाललंय असं त्यांना वाटेल. रंग जागच्या जागी, दाते चारी बाजूंनी सारखे, अक्षरं शुद्ध, राजाची मान ताठ, असं तिकीट त्या घरात आल्बमचा एक खण अडवून मुकाट बसलेलं असतं. वर्षानुवर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्याच्याच एखाद्या भावंडाचा हिरवा रंग मात्र छापताना जरा खाली घसरला असेल, किंवा छापायचाच राहून गेला असेल, तर त्याची बडदास्त बघावी. त्याला वेगळं पारदर्शक पाकीट, वेगळी पेटी, पावसाळ्यात ओल खेचणारी पुडी, आणि पाहुण्यांना दाखवताना आधी सूचना: ‘हात पुसून घ्या हं. आणि लावू नका, नुसतं बघा.’

या लाडाला एक अट आहे. चूक छापखान्यात झालेली हवी. तिकीट प्रेसच्या दारातून बाहेर पडल्यावर त्याला ऊन लागो, पाणी लागो, कुणी त्याच्यावर चहा सांडो, ते सगळं नुकसान. दारातून बाहेर पडायच्या आधी जे झालं असेल ते वैभव. पंचाईत अशी, की हे नुकसान आणि हे वैभव शेजारी ठेवलं तर पुष्कळदा एकसारखं दिसतं. त्यामुळे आम्हा मंडळींचं निम्मं आयुष्य भिंगाला डोळा लावून एकच प्रश्न विचारण्यात जातं: हे प्रेसमधलं की नंतरचं?

आपल्याकडे रंगाची भानगड अगदी प्रथमग्रासेच झाली. १८५२ साली सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, त्यांनी आपल्या मुलखापुरती तिकिटं काढली. पहिली तांबड्या ठिसूळ चकतीवर उठावाची; ती हाताळली की तडकायची. मग पांढऱ्या कागदावर बिनशाईचा पांढराच उठाव काढला. तो मंद उजेडात दिसेना. शेवटी निळी शाई आली. दोन वर्षांनी साऱ्या हिंदुस्थानसाठी तिकिटं छापायचं काम कलकत्त्याला सर्व्हेयर जनरलच्या कचेरीत कॅप्टन थुइलियर यांच्या गळ्यात पडलं. नकाशे छापायची ती कचेरी, त्यामुळे शिळाछापाचे दगड हाताशी होते. अर्ध्या आण्याचं तिकीट शेंदरी काढायचं ठरलं, थोडं छापूनही झालं. तेवढ्यात विलायती शेंदरी शाई संपली. देशी शाई लावली तर दगडावरचं चित्र बिघडायला लागलं. तेव्हा अर्धा आणा निळा करण्यात आला. शाई संपली की धोरण बदलायचं, ही आपल्या सरकारी कचेऱ्यांची रीत किती जुनी आहे बघा. ते शेंदरी तिकीट कधी खिडकीवर विकायला आलंच नाही. त्यातल्या कमानीदार नक्षीवरून ‘साडेनऊ कमानी’ हे नाव तेवढं त्याला पडलं, आणि ते हाती लागावं म्हणून लोक आता काय वाटेल ते मोजतात.

त्याच १८५४ सालचं चार आण्यांचं तिकीट दोन रंगांत होतं. लाल चौकट, आत निळं व्हिक्टोरिया राणीचं मस्तक. दोन रंग म्हणजे कागद दोनदा दाबायचा. दुसऱ्या खेपेला काही कागद फिरवून ठेवले गेले आणि राणीसाहेब शीर्षासनात गेल्या. सत्तावन्नच्या तीन वर्षं आधी, तेही सरकारी कचेरीत बसून, कुणीतरी राणीला उलटं टांगून मोकळा झाला आणि त्याच्यावर साधा मेमोसुद्धा निघाला नसेल. यातली फार थोडी तिकिटं आज शिल्लक आहेत, आणि जी आहेत ती सगळी वापरलेली. म्हणजे पत्र लिहिणाऱ्यानं उलटी राणी विकत घेतली, पाकिटावर चिकटवली, पोस्टातल्या बाबूनं तिच्यावर शिक्का हाणला, हरकाऱ्यानं ते पाकीट पोचवलं, आणि या साऱ्या प्रवासात कुणालाही काही खटकलं नाही. मला या गोष्टीत राणीपेक्षा तो बाबू जास्त आवडतो. पैसे भरलेत ना, मग राणी कशी का उभी असेना!

अक्षरांच्या चुकांमध्ये तर आपल्या मुद्राराक्षसानं कुणाचीच भीड ठेवलेली नाही. १८८० च्या दशकात ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर काळ्या शाईत संस्थानाचं नाव छापून ती काही संस्थानांना पुरवत असत. खिळे जुळवणारा दिवसभर त्याच त्या नावाची डझनावारी ओळ लावणार. कुठेतरी डुलकी लागणारच. चंबा संस्थानच्या नावात ‘ए’ आणि ‘एम’ यांनी जागा बदलल्या आणि ‘च्माबा’ झालं. त्याच संस्थानच्या काही तिकिटांवर ‘स्टेट’च्या ‘एस’ऐवजी इंग्रजी आठचा आकडा बसला. पतियाळाचं पहिलंच अक्षर बदलून ‘ऑटियाला’ झालं. ग्वाल्हेरच्या इंग्रजी नावातल्या ‘ओ’ला एका बाजूनं खिंड पडून ‘सी’ उमटला. शिंद्यांच्या दौलतीचं नाव चुकवून तो कारागीर सहीसलामत सुटला, हे इंग्रजी राज्याचं मोठं भाग्य. महादजींच्या काळात ते एवढ्यावर भागलं नसतं.

पुढे लंडनच्या डे ला रू कंपनीकडे असलेलं आपली तिकिटं छापायचं काम आपल्या दाराशी आलं. १९२५ साली नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि १९२६ पासून तिथली तिकिटं बाजारात आली. तेव्हापासून आपल्या चुकाही स्वदेशी झाल्या. १९३१ साली नव्या दिल्लीच्या उद्घाटनाची मालिका निघाली. तिच्यातल्या पाव आण्याच्या तिकिटावर जुना किल्ला आहे, आणि पूर्ण शीटमध्ये एका ठिकाणी ‘पुराना किला’तल्या ‘पी’चा ‘एफ’ झालेला आहे. ‘फुराना किला’. ‘पी’च्या पोटाचा बाक उमटला नाही की ‘एफ’ उरतो, एवढीच ती करामत. १९३५ च्या रौप्यमहोत्सवी मालिकेतल्या एका तिकिटावर आभाळात एक ठिपका उमटलाय. तो प्लेटवरचा दोष आहे, पण त्याचा आकार असा जमून आलाय की कॅटलॉगवाल्यांनीही त्याला ‘पक्षी’ म्हणूनच नोंदवलंय. पक्षी असलेल्या तिकिटाला भाव आहे. ज्यांच्या आभाळात पक्षी नाही, त्यांनी बिचाऱ्यांनी काय पाप केलं होतं?

पण चुकीलाही मर्यादा पाळावी लागते. १५ ऑगस्ट १९४९ ला निघालेल्या पुरातत्त्व मालिकेत एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती होती. चित्र तयार करताना ती उलटली, आरशात दिसावी तशी. डावा हात उजवा झाला, उजवा डावा झाला. तिकिटं देशभर गेली, पत्रांवर लागली, आणि सुमारे वर्षभरानं, १५ जुलै १९५० ला, बोधिसत्त्वाला सरळ करून नवं तिकीट काढलं गेलं. आता एवढी ढळढळीत चूक म्हटल्यावर किंमत केवढी असेल? काही नाही. दोन्ही तिकिटं कुठल्याही विक्रेत्याच्या स्वस्तातल्या डब्यात मिळतात, कारण चूक एकूण एक तिकिटावर झाली. सगळ्यांनीच एक चूक केली की तिला पद्धत म्हणतात, आणि पद्धतीला या बाजारात गिऱ्हाईक नाही.

अमेरिकेच्या टपालखात्यानं हे तत्त्व हत्यारासारखं वापरलं. १९६२ साली संयुक्त राष्ट्रांचे दिवंगत सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांच्यावर चार सेंटांचं तिकीट निघालं. (नाव त्यांचं आहे, श्लेष माझा नाही.) काही शीट्सवर पिवळा थर उलटा छापला गेला. न्यू जर्सीतल्या एका सराफाला असं शीट सापडलं आणि गडी आनंदानं वर्तमानपत्रवाल्यांकडे गेला. पोस्टमास्टर जनरल एडवर्ड डे यांनी हुकूम सोडला, की आता मुद्दाम तशीच उलट्या पिवळ्याची तिकिटं छापा. सुमारे ४ कोटी छापली. सराफ कोर्टात धावला, पण तोवर दुर्मीळपणाचं दिवाळं वाजलं होतं. नोकरशाहीनं चूक दुरुस्त करण्याऐवजी ती सगळ्यांना पोचती केल्याचं इतकं शिस्तबद्ध उदाहरण मला दुसरं माहीत नाही. आपल्याकडे असं ठरवून करत नाहीत, आपोआप होतं.

या साऱ्या चुका निदान डोळ्यांना दिसतात. रंगाचं तसं नाही. रंगाची खरी चूक म्हणजे स्वीडनचं तीन स्किलिंगचं तिकीट. १८५५ साली तिथं तीन स्किलिंग हिरवं आणि आठ स्किलिंग पिवळसर असा नियम होता. आठच्या ठोकळ्यांमध्ये तीनचा एक ठोकळा चुकून जाऊन बसला असावा, आणि तीनचं एक तिकीट पिवळं निघालं. एका शाळकरी पोरानं आजीच्या माळ्यावरच्या जुन्या पत्रांतून ते काढलं आणि ७ क्रोनरला विकून टाकलं. १९९६ साली त्याला सुमारे २८ लाख ७० हजार स्विस फ्रँक आले. हा एक आकडा जगभरच्या अनेक सज्जनांच्या वेडाचं मूळ आहे. तेव्हापासून जरा पिवळट पडलेलं काहीही दिसलं की माणसाच्या छातीत धडधडतं.

आमच्या सोसायटीतल्या नानांच्या छातीत तसंच धडधडलं. नाना निवृत्त इंजिनिअर, तिकिटांत नवे, म्हणजे रोग ताजा. एका संध्याकाळी ते पुस्तकाच्या पानांत दोन ब्लॉटिंग पेपर आणि त्यांच्या मध्ये एक तिकीट घेऊन आले. ‘दार लावून घ्या,’ म्हणाले. तिकीट रोजच्या वापरातलं, गांधीजींचं. पण कागद पिवळा. नुसता पिवळट नव्हे, चांगला केशरीकडे झुकणारा, आणि एका कोपऱ्याकडे जास्त गडद.

‘पिवळ्या कागदावरचं छापलेलं आहे,’ नाना कुजबुजले. ‘कॅटलॉगात नोंदच नाही.’

मी भिंग लावलं. छापलेली शाई ठिपक्याठिपक्यांनी आपल्या जागी बसलेली होती, पिवळा रंग मात्र कागदाच्या तंतूंमधून पसरला होता. छापलेल्या रंगाला कड असते. सांडलेल्या रंगाला ओघ असतो. मी काही बोलणार तेवढ्यात आमची ही चहा घेऊन आली. तिनं तिकिटाकडे एक नजर टाकली आणि विचारलं, ‘नाना, पाकीट कुणाच्या लग्नाचं होतं?’

नाना गप्प. पाकीट त्यांच्या मेहुणीच्या मुलाच्या लग्नपत्रिकेचं होतं, कोपऱ्यांना यथासांग हळदकुंकू लावलेलं. ते आख्खं पाकीट त्यांनी वाटीत भिजत घातलं होतं.

‘साबण लावून बघा,’ ही म्हणाली. ‘हळद असली तर लाल होईल.’

लाखो फ्रँकच्या तिकिटाला साबण लावायला नाना तयार होईनात. शेवटी दातकोरण्याच्या टोकावर साबणाचा थेंब घेऊन अगदी कडेला टेकवला. तिथे एक नाजूक लालसर ठिपका उमटला. मग मी अल्ट्राव्हायोलेट दिवाही लावला, आणि गांधीजी अंधारात हिरवट पिवळे चमकले. हळद या दिव्याखाली चमकते, गुन्हा शाबीत. नाना बराच वेळ त्या लाल ठिपक्याकडे बघत बसले आणि म्हणाले, ‘पण अर्धं पिवळं, अर्धं लाल असं तरी दुसऱ्या कुणाकडे नसेल ना?’

हळद निदान आपली गुन्हेगार म्हणून पटकन ओळखू येते. इतर गुन्हेगार सभ्य असतात. हिरवा रंग निळ्यापिवळ्याच्या मिश्रणाचा असेल आणि त्यातला पिवळा उन्हानं उडाला, तर तिकीट निळं होतं. मालक समजतो की पिवळा थर छापायचा राहिला. काही जुन्या केशरी तिकिटांच्या रंगात शिसं असतं, त्याला हवेतल्या गंधकाची बाधा झाली की ती तपकिरी, कधी काळपट होतात, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा हलका हात फिरवला की पुन्हा केशरी. बदललेला रंग औषधानं बरा होतो, तेव्हा तो आजार होता हे उघडच आहे. सगळ्यात गमतीची ती डे ला रू कंपनीची जांभळी आणि हिरवी शाई. व्हिक्टोरियाच्या काळात लोक तिकिटावरचा शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरत. म्हणून कंपनीनं मुद्दाम अशी शाई केली, की शिक्का धुवायला जावं तर रंगच पाण्यात उतरावा. १८८३-८४ सालची ब्रिटनची जांभळी-हिरवी मालिका याच चतुराईतून आली. पुढे जवळजवळ दीडशे वर्षं साधे, पापभीरू लोक ती तिकिटं पाकिटावरून सोडवायला कोमट पाण्यात टाकत आले, आणि बाहेर काढतात तो हिरवा राजरोस पिवळट पडलेला. चोरांसाठी लावलेल्या सापळ्यात सावच सापडले.

रंग पाहायचा कसा, हेही शिकावं लागतं. कॅटलॉगात ‘कार्माइन’ आणि ‘रोझ कार्माइन’ या दोन जाती असतात. दोघांच्या किमतींमध्ये जमीनअस्मानाचा फरक आणि रंगात सुताएवढा. ट्यूबखाली दोन्ही एकच. त्यासाठी दिवसाचा, पण थेट ऊन नसलेला उजेड लागतो. आमच्या तज्ज्ञ मंडळींनी पुस्तकांत पानंच्या पानं खर्चून हे सांगितलंय. लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही दुकानात मात्र साडी हातात घेऊन उंबऱ्याबाहेर जाणाऱ्या बाईला ते कुणी शिकवावं लागत नाही. ‘जरा उजेडात बघते हं’ असं म्हणून ती दारात उभी राहते आणि दोन डाळिंबी रंगांतला कुठला धुण्यात जाणार, तेही सांगते. मी तर रंगाबद्दल शंका आली की आता कॅटलॉग उघडायच्या आधी स्वयंपाकघराकडे बघतो.

वॉटरमार्कचं काम मात्र माझं एकट्याचं. बेंझिनच्या वासानं घरातली बाकी सगळी मंडळी गच्चीवर जातात. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा भारताच्या नकाशाची मालिका निघाली. सुरुवातीच्या कागदात ताऱ्यांचं जलचिन्ह होतं, नंतरच्या कागदात अशोकस्तंभाचं. समोरून दोन्ही तिकिटं जुळी. काळ्या छोट्या थाळीत तिकीट पालथं ठेवायचं, वरून बेंझिनचे दोन थेंब सोडायचे. कागद क्षणभर पारदर्शक होतो आणि पाठीवर काळसर तारे उगवतात, नाहीतर चारसिंही. मग बेंझिन उडून जातं आणि तिकीट पुन्हा काही माहीत नसल्यासारखं पांढरं. तेवढ्या चार सेकंदांत बघून घ्यायचं. इथे मला एकदा तरी तारा आणि सिंह एकाच वेळी दिसावेत असं फार वाटतं, पण नाशिकनं माझ्यावर अजून तेवढी कृपा केलेली नाही.

१९५२ च्या संत आणि कवींच्या मालिकेपासून नाशिकला फोटोग्रॅव्हर आलं. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर. भिंगाखाली कबीराचा चेहरा शेकडो बारीक खाचांमधून उतरलेल्या शाईचा झालेला दिसतो. या छपाईत सिलिंडरवर शाई भरतात आणि एक लांब पातं जास्तीची शाई निपटून काढतं. त्याला ‘डॉक्टर ब्लेड’ म्हणतात. पात्याखाली धुळीचा कण अडकला की छपाईच्या दिशेनं शाईची एक सरळ रेघ उमटते, एका तिकिटावरून दुसऱ्यावर, दाते ओलांडून थेट पुढे. हीच तिची खूण. तिकिटावर ओरखडा नंतर पडला असेल तर त्याला शेजाऱ्याशी काही देणंघेणं नसतं. तो मध्येच सुरू होतो आणि मध्येच थांबतो. रंग सरकल्याची परीक्षाही अशीच. एखाद्याच तिकिटाचा लाल सरकलेला असेल तर संशय घ्यावा. शेजारच्या सगळ्यांचा त्याच दिशेनं, तेवढाच सरकलेला असेल तर खुशाल पेढे वाटावेत. प्रेस कधी एकट्यावर अन्याय करत नाही.

म्हणूनच बनावट चुका करणाऱ्यांची एवढी अडचण होते. त्यांचं कसब दांडगं असतं. एक रंग रसायनानं उडवतात. काचेखाली उन्हात ठेवून निळ्याचा करडा करतात. दाते कापून ‘बिनदात्याचं’ म्हणून विकतात. त्यावर उपाय म्हणून बिनदात्याचं तिकीट जाणकार एकटं घेतच नाहीत; जोडी मागतात, मध्ये कापण्याला जागाच नसलेली. लंडनच्या रॉयल फिलॅटेलिक सोसायटीसारख्या संस्था तिकीट तपासून दाखला देतात. दाखल्यातल्या दोन ओळींत चूक खरी निघाली की माणूस तो दाखला तिकिटापेक्षा जास्त वेळा दाखवतो. स्वतःच्या निर्दोषपणाचा दाखला कुणी असा भिंतीवर लावलेला मी पाहिलेला नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात मात्र हा सगळा शास्त्रार्थ चालत नाही. बुधवार-रविवारी तिथं गंजकी कुलुपं, तांब्याची भांडी आणि जुनी नाणी यांच्या मधोमध एक तरुण विक्रेता सतरंजीवर तिकिटं मांडून बसतो. परवा त्यानं मला एक तिकीट वेगळ्या पाकिटातून काढून दाखवलं. त्यावरच्या फुलाचा लाल रंग खाली उतरून देठाला लागला होता.

‘एरर आहे काका,’ तो म्हणाला. ‘आठशे.’

मी भिंग काढलं. शिक्क्याची काळी शाई लालवर होती, लालच्या खाली नव्हती. म्हणजे लाल आधीचा. शेजारचं तिकीट जोडलेलं नव्हतं, त्यामुळे पुढचं बोलता येत नव्हतं. मी खिशातलं पाकीट उघडून माझ्याकडचं तसंच एक तिकीट त्याच्या पुढ्यात ठेवलं. मुद्दाम आणलं होतं.

‘हे केवढ्याला घेशील?’

त्यानं ते उन्हाकडे धरलं, उलटंपालटं केलं आणि तोंड वाकडं करून परत दिलं. ‘हे डागाळलंय काका.’

‘अरे, तेच आहे की! तुझं आणि माझं एकच.’

‘तसं नसतं,’ तो शांतपणे म्हणाला. ‘मी विकतो तेव्हा एरर असतो. तुम्ही विकायला आणलंत की डाग.’

मी चारशे म्हटलं. तो साडेसहाशेवर अडून बसलाय. बुधवारी पुन्हा जाऊन बघणार आहे.